19 शॉट आणि गोल एकही नाही

काल संध्याकाळपासून तीन पालकांचे फोन येऊन गेले. तिघांचं म्हणणं एकच: "बाई, पोरींचं नशीबच आड आलं. एवढे शॉट मारले आणि एक गोल होऊ नये?" जिल्ह्याच्या हॉकी सामन्यात आमच्या शाळेच्या पोरी 0-1 ने हरल्या. माझ्या वहीत आमच्या नावावर शॉटच्या 19 रेघा आहेत, समोरच्यांच्या नावावर 3.

नशिबाचं मला पटत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर वहीत डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल, काढली आणि एकेक शॉट आठवून, तो जिथून मारला तिथे फुली मारली. 12 फुल्या डीच्या कडेला पडल्या, त्यातल्या बऱ्याचशा उजवीकडे, बॅकलाइनला, म्हणजे गोल ज्या रेघेवर असतो तिला, लागून. अगदी गोलच्या तोंडाशी फक्त एक.

डीची रेघ गोलपासून 14.63 मीटरवर असते. गोल 3.66 मीटर रुंद, पण तो समोरून. बॅकलाइनजवळून पाहिलं तर तोच गोल हातभर उरतो, आणि गोली एक पाऊल पुढे सरकली की तेवढाही झाकला जातो. तिथून कितीही जोरात हाणा, बॉल तिच्या पॅडवरच बसणार. वहीत रेघ वाढते, गोलीला मात्र जागचं हलावंही लागत नाही.

मला खरी टोचली ती पुढची गोष्ट. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या गोलीने लागोपाठ तीन शॉट उजव्या पायाने अडवले आणि तिन्ही वेळा बॉल जवळपास एकाच जागी जाऊन थांबला, गोलपोस्टपासून चारेक पावलांवर. अशा बॉलला नुसती स्टिक लावली तरी पुरते, कारण गोली अजून पहिल्या शॉटमधून सावरलेली नसते. तिन्ही वेळा तिथे आमची एकही मुलगी नव्हती. पाचही जणी डीच्या तोंडावर उभ्या राहून मारलेल्या शॉटकडे बघत होत्या. बाहेरून पालक ओरडत होते, "मार गो, मार!"

याचं मूळ आमच्या मैदानात आहे. आमचं मैदान सड्यावर, खाली जांभा. सपाट केलं तरी पावसाळ्यानंतर खडे वर येतातच. बॉल सरळ येत नाही, टप्पे खात येतो, म्हणून पोरींच्या अंगात एकच सवय मुरते: हाताशी आला की हाण. पास येत असताना नुसती स्टिक तिरकी धरून त्याची दिशा बदलायची, पोस्टपाशी वाकून थांबायचं, हे अशा जमिनीवर शिकायला फार धीर लागतो. तो धीर मी त्यांच्याकडून पुरेसा करून घेतला नाही. ही चूक माझी, पोरींची नाही.

मोठ्या मैदानावरही हेच दिसतं. 19 जानेवारी 2024, रांची. पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळवण्याची आपल्या महिला टीमची शेवटची संधी, समोर जपान. सहाव्या मिनिटाला जपानने पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे समोरच्यांच्या चुकीमुळे डीपाशी मिळणाऱ्या संधीवर, गोल केला. आपल्याला 9 पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि एकाचाही गोल झाला नाही. 0-1. पॅरिस गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2 ऑगस्ट 2021 ला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्याला मिळालेल्या एकुलत्या एका कॉर्नरवर गुरजीत कौरने गोल केला होता आणि त्या एका गोलावर आपण सेमीफायनलला गेलो होतो. तेव्हा मागे गोलमध्ये सविता पुनिया भिंतीसारखी उभी होती.

कॉर्नरवर पहिला शॉट हिट, म्हणजे स्टिक फिरवून हाणलेला, असेल तर तो गोलरेषेवर 460 मिलिमीटरच्या, म्हणजे गोलमागच्या फळीच्या (बॅकबोर्डच्या) वर जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे स्टिकने बॉल ओढत नेऊन फेकण्याला, ही अट नाही, म्हणून तर फ्लिकरला एवढी किंमत. पण फ्लिक कोण मारणार हे समोरच्यांना आधीच कळलं, तर त्यांची पहिली रशर, म्हणजे शॉट अडवायला पुढे धावणारी, थेट तिच्या रेषेत येते. अशा वेळी बॉल बाजूला सरकवायला, पोस्टवर स्टिक लावायला दुसरी-तिसरी मुलगी तयार हवी. नाहीतर नऊ काय आणि नव्वद काय.

म्हणून मला शॉटच्या आकड्याचं कौतुक नकोसं झालंय. "पोरी छान खेळल्या, 19 शॉट मारले" असं म्हटलं की पोरींना वाटतं काम झालं, आणि पुढच्या वेळी त्या कोपऱ्यातून विसावा शॉटही मारतात, आत रिकामी उभी असलेली मैत्रीण त्यांना दिसत नाही.

आजपासून वहीत शॉटचा रकाना नाही. त्याजागी दोनच: शॉट मारताना पोस्टला आपलं कोण होतं, आणि गोलीने परत दिलेला बॉल कोणाला मिळाला. सकाळी गोलच्या दोन्ही कोपऱ्यांत आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवल्या. बॉल पेटीत गेला पाहिजे, पण जोरात मारायला बंदी, फक्त स्टिक लावायची. पहिली वीस मिनिटं एकही गेला नाही. मग सातवीतल्या एका पोरीने गुडघा टेकून, स्टिक जमिनीवर आडवी धरून एक घातला. पाऊस असेल त्या दिवशी हेच शाळेच्या पडवीत टेनिस बॉलवर करणार आहोत, तिथली फरशी तरी सपाट आहे.

शनिवारी शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना आहे, चार वाजता. पालकांनो, जरूर या. फक्त "मार गो" ओरडू नका. "पोस्टला जा गो" असं ओरडा.