जर्मनचं पातेलं गेलं, फरशी गेली, आता डोळे पण घालवा

अरे बे फेरिक क्लोराईड आहे ते, तांबं खाणारं, लिंबू सरबत नाही!

आमचा मावसभाऊ डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टचा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांचा सर्किटबोर्ड, करायला रविवारी आमच्याकडं आला आणि मी अर्ध्या तासासाठी बाहेर काय गेलो, येऊन बघतो तर मोरीत धूर, हा खोकतोय आणि आई पदर नाकाला लावून दारात उभी. साहेबांनी काय केलं तर आईचं जर्मनचं पातेलं घेतलं, त्यात अख्खी पावडर ओतली आणि वरनं कडकडीत पाणी. वरनं! उलटं असतंय ते बाबा, आधी थंड पाणी आणि त्यात पावडर, चमचा चमचा, दम खात. थंड पाण्यात टाकली तरी ती स्वतःच तापते आणि ॲसिडची वाफ सोडते, तू वरनं उकळतं ओतलंस तर काय होणार? आणि पातेलं कशाचं, तर ॲल्युमिनियमचं. जे तांबं खायला आणलंय ते ॲल्युमिनियमला काय नमस्कार करणार होय? बुडाला रुपयाएवढं भोक पडलं, खालच्या शहाबादीवर सगळं फसफसलं आणि आता तिथं गंजासारखा डाग पडलाय, तो मरेपर्यंत राहणार.

विचारलं कुणी सांगितलं बे, तर म्हणे दुकानदारानं. त्या महाशयांनी पावडर दिली कशात, तर साध्या कॅरीबॅगेत, वर रबर. ना नाव, ना काही. हवेतलं पाणी ओढून ती पिशवी घरी येईस्तोवर ओली झालेली आणि हा ती बाईकच्या हँडलला लटकवून आलेला. ‘गरम पाण्यात टाक, होतंय’ एवढंच ज्ञान दिलं. हातमोजे, चष्मा, प्लॅस्टिकचा ट्रे, एक शब्द नाही. आणि व्हिडिओवाले तर उघड्या हातानं बोर्ड बुडवून दाखवतात, वर हसतात.

डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा असं लिहिलेलं असतं. वाहत्या! सोलापुरात! आमच्याकडं नळ चार दिवसाआड येतो, तो पण रात्री कधी येईल त्याची गॅरंटी नाही. म्हणून मी पिशवी उघडायच्या आधी दोन बादल्या भरून आणि एक मग जवळ ठेवतो, घरचे हसतात, हसू देत.

बरं, डाग चादरीवर पण उडाला, आपल्या सोलापुरी चादरीवर, नवी कोरी. आई लगेच ब्लीचची बाटली घेऊन मोरीत निघाली, मी अक्षरशः हातातनं हिसकावली, कारण ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन गॅस निघतो आणि आमच्या मोरीला खिडकी म्हणून एक वितभर जाळी आहे. तिला वाटलं मी तिच्यावरच ओरडतोय. संध्याकाळपर्यंत अबोला.

एवढं होऊन हा पठ्ठ्या वाचलेलं फेरिक क्लोराईडचं पाणी प्लॅस्टिकच्या टबात घेऊन बसला, बोर्ड केला, आणि वापरून झालेलं सगळं मोरीत ओतायला निघाला. त्यात आता तांबं उतरलंय रे, गटारात कशाला घालतोस! धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकायचा, फेस उठतो म्हणून मोठ्या बादलीत, फसफस थांबली की रात्रभर तसंच ठेवायचं, खाली गाळ बसतो, तो गाळ वेगळा भरून ठेवायचा, नावासकट. मग म्हणे पुढच्या वेळेला वापरतो, भरून ठेवतो. कशात, तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत! रंग बघ त्याचा, डिट्टो कोला. मे महिना, 43 डिग्री, घरात ताईचा चार वर्षाचा पोरगा, आणि हा बाटली घेऊन फ्रीजकडं चाललाय.

तिथं माझा हात उठता उठता राहिला.

आणि बोर्ड? टोनर, म्हणजे बोर्डावर सर्किट उमटवायची प्रिंटरची शाई, उलटा छापला होता. अख्खं सर्किट आरशातलं. आयसीचे, म्हणजे त्या चिपचे, पाय जुळतच नाहीत.

म्हणतोय, ‘दादा, पुढच्या रविवारी परत येऊ का?’