परीक्षा मातयेची

काल आमच्या सामुदायिक महाविद्यालयाने माझा मातीचा नमुना ‘दूषित’ असा शेरा मारून परत केला आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही. वयाच्या ५२व्या वर्षी कृषी उत्पादनाच्या अभ्यासक्रमाला नाव घालणाऱ्याने तक्रार करू नये, असे घरच्यांचे मत आहे. परंतु घरच्यांनी मे महिन्याच्या उन्हात आठ खड्डे खणलेले नाहीत. कुणग्यात, म्हणजे भातशेताच्या तुकड्यात, नागमोडी चालत ठिकठिकाणी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती खरवडायची, ती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. मग ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या गोणीत भरली, तर खताचेच गुण जमिनीच्या नावावर चढतात.

ही पिशवी मांडीवर घेऊन मी कुडाळच्या एसटीत बसलो. शेजारी बसलेले तात्या तळहातावर तंबाखू-चुना मळत होते.

“पिशयेत काय आसा?”

“माती.”

“मातयेक काय झाला?”

“काय नाय, तात्यानू, तपासूक नेतंय. परीक्षेक होयी.”

“परीक्षा तुझी काय मातयेची?”

याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही. पुढच्या बाकावरची मासेवाली टोपली सावरत मागे वळली आणि कंडक्टरनेही तिकिटाचे यंत्र खाली केले. एवढा श्रोतृवर्ग जमल्यावर तात्यांनी “बघूया” म्हणत चुन्याने पांढरा झालेला अंगठा थेट पिशवीत खुपसला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, “आंबट आसा. चुनो घाल.”

निदान अचूक होते, हेच मला अधिक झोंबले. कोकणातला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, त्यामुळे जांभ्या जमिनीचा सामू (पीएच) ७च्या खाली उतरतो, म्हणजे ती आंबट होते, हे कळायला मला एक सत्र आणि शुल्काचा पहिला हप्ता लागला होता. मात्र तात्यांनी उपचार निदानाआधीच सुरू केला होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. प्रयोगशाळेत पिशवी उघडताच मॅडमना वरच चुन्याचे पांढरे कण आणि तंबाखूचा चुरा दिसला. चुना मिसळलेल्या मातीचा सामू काढण्यात अर्थ नाही, हे मलाही मान्य आहे, आणि मॅडम हसल्या, वर्ग हसला, तेही मी सोसले. पण ज्या मुलाने घराच्या ओटीवरच्या कुंडीतली माती आणली, त्याचा नमुना केवळ पिशवी स्वच्छ म्हणून स्वीकारला गेला. त्याच्या कुंडीत भाताचे कोणते पीक येणार आहे, हे त्याला कोणीही विचारले नाही.

उद्या पुन्हा आठ खड्डे खणायचे आहेत. या वेळी पिशवीचे तोंड मी दाभणाने शिवून टाकणार आहे, कारण सव्वासातनंतरची एसटी थेट अकराला सुटते आणि तात्या रोज सव्वासातच्याच गाडीने जातात.