घरचा बार

आमच्याकडे सकाळ दोन पाळ्यांत भरते. मोठा सहावीत, त्याची शाळा सातची. व्हॅनवाले काका सहा-पस्तीसला खाली हॉर्न देतात. धाकटी दुसरीत, तिची शाळा नऊची. २०२४ साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलं आणि आमच्या शाळेने ते मनावर घेतलं. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू. धाकटीची होते. तिच्या वाटणीची जाग आम्ही तिघं मिळून काढतो. पहिली पाळी सुटते न सुटते तोच बायकोची सव्वासातची लोकल, तिच्यामागे दुसऱ्या पाळीच्या वेण्या, आणि या सगळ्यात नाश्ता नावाचा प्रकार डोंबिवलीत कुणी बसून करत असेल यावर माझा विश्वास नाही. मोठा एका हाताने बुटाची नाडी बांधत दुसऱ्या हाताने अर्धी पोळी तोंडात कोंबतो. बायको पर्समध्ये केळं टाकते. ते केळं ठाणे येईपर्यंत शिकरण झालेलं असतं.

तर यावर उपाय म्हणून मी ग्रॅनोला बार शोधून काढला. म्हणजे मॉलमध्ये दिसला. हातात मावणारा, कागद फाडला की खायला तयार, वर ओट्स-बदामाचं चित्र. मी आजकाल पाकीट उलटं करून वाचतो. चाळिशीनंतर माणसाला वाचनाची गोडी लागते ती अशी. घटक जास्त वजनापासून कमी वजनाकडे या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे चित्रातले बदाम यादीत कितव्या नंबरावर आहेत ते कळतं. इथे ते आठवे होते. दुसरी साखर, चौथं लिक्विड ग्लुकोज, सहावं इन्व्हर्ट सिरप. साखरेने तीन वेगवेगळ्या नावांनी पासपोर्ट काढले होते. मी पाकीट जागेवर ठेवलं आणि बायकोला म्हणालो, "हे आपण घरी करू."

"आपण?" ती म्हणाली.

त्याच रात्री मेव्हण्याचा फोन आला. "अरे, हे घरी बार काढतायत," हे वाक्य तिने मुद्दाम तिथेच थांबवलं. शनिवारी मेव्हणा सोडा घेऊन हजर. त्याला मी भोपळ्याच्या बिया दाखवल्या. तो जेवायलासुद्धा थांबला नाही.

साहित्याचं बिल अकराशे चाळीस रुपये झालं. ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, जवस, मध. ओट्ससुद्धा साधे नकोत, रोल्ड हवेत, कारण इन्स्टंटचा लगदा होतो, हे मला व्हिडिओतल्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं. त्या बाईंचा ओटा आमच्या हॉलएवढा होता. त्यांच्याकडे ओव्हन होता. ओव्हन आमच्याकडेही आहे, लग्नात आलेला. त्यात आई निर्लेप तवा, चकलीचा सोऱ्या आणि लग्नपत्रिका ठेवते. तो रिकामा करायचा म्हणजे आधी घरात त्या वस्तूंचं पुनर्वसन करावं लागलं असतं. म्हणून मी कढई घेतली.

ओट्स मंद आचेवर भाजले की सुरेख खमंग वास सुटतो, हे मान्य करायला हवं. भोपळ्याच्या बिया मात्र भाजताना टुणकन उडतात. दोन मला लागल्या, एक दिव्यावर पडली. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही. आमच्याकडे हे वाईट लक्षण समजतात.

मी व्हिडिओतल्यापेक्षा मध निम्मा घेतला, कारण आपला बार हेल्दी. जरा कोमट करून सगळ्यात कालवला, ताटात थापला, फ्रिजमध्ये ठेवला. दोन तासांनी कापला तर काय सांगू, अगदी दुकानातल्यासारखे बार! बटर पेपरात गुंडाळले, वर स्केचपेनने वार लिहिले. सोमवार ते शुक्रवार. मी त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

सोमवार व्हॅनमध्येच विरघळला. फ्रिजमधून बाहेर पडल्यावर त्याने अर्धा तासही कळ काढली नाही. दुपारी दप्तर उघडलं तर भूगोलाच्या वहीत भुगा. सह्याद्रीच्या रांगांवर जवस, कोकण किनारपट्टीवर मध, आणि बाईंचा लाल शेरा: 'वही नीटनेटकी ठेवावी.' बायकोने मंगळवार लोकलमध्ये उघडला. समोरच्या सीटवरच्या बाईंनी स्वतःच्या साडीवरचे ओट्स झटकत तिला विचारलं म्हणे, "पक्ष्यांना घालायला नेताय का?"

बुधवारपासून आम्ही तो भुगा वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला.

"आणि बरं का," बायको म्हणाली, "हेल्दी हेल्दी म्हणतोयस, पण मध म्हणजे साखरच की रे." मी भांडायच्या तयारीने मोबाईल उघडला आणि तोंडावर आपटलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत वरून घातलेल्या साखरेच्या खात्यात मधही धरला आहे. ही सगळी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाचच्या; पाच म्हणजे मोठ्या माणसाला साधारण पंचवीस ग्रॅम. सहा चमचे. माझे दोन चहा त्यातच आहेत. ही माहिती मी बायकोला दिली नाही.

पुढच्या रविवारी मी गुळावर आलो. गूळ कसा, आपला! त्यात लोह असतं असं मी म्हणालो, आणि गुळातही बहुतेक साखरच असते हे मला माहीत होतं ते गिळलं. आईचं माहेर कराडकडचं. लहानपणी ती गुऱ्हाळावर काहिलीभोवती खेळली, गरम काकवी प्यायली. गूळ हा विषय तिच्यासमोर काढणं म्हणजे वारकऱ्याला पंढरीचा रस्ता विचारणं. तरी मी तिला विचारलं नाही, कारण मी व्हिडिओ पाहिला होता.

फळीवर दोन डबे होते. आईने मेथीवरून मान वर केली. (या घरात मेथी फार निवडली जाते असं वाटेल. पण आई ती काही बघायचं असलं की काढते.)

"कुठला गूळ पाहिजे तुला?"

"केमिकल नसलेला."

"बरं," आई म्हणाली.

मी पुढचा डबा घेतला. गूळ कढईत टाकला, चमचाभर तूप घातलं, तो विरघळला, फसफसला, मस्त फेस आला. मागच्या वेळी मिश्रण सुटलं होतं, तेव्हा या वेळी कसर नको म्हणून तो चांगला उकळू दिला. नंतर वाचलं तेव्हा उमगलं ते असं: साखरेचा पाक जसा उकळतो तसं त्यातलं पाणी उडतं, पाणी उडेल तसं त्याचं तापमान चढतं, आणि गार झाल्यावर तो किती कडक होणार हे त्या चढण्यावर ठरतं. एकशे पंधरा अंशांच्या आसपास उतरवला तर मऊ गोळी होते, दाबली की दबते. दीडशेला काचेसारखा फुटतो. परदेशात यासाठी कढईच्या काठाला अडकवायचा खास थर्मामीटर मिळतो. आईकडे पाण्याची वाटी असते. थेंब टाकायचा, बोटाने गोळी वळायची, ताटलीवर आपटायची. टण्ण वाजली की चिक्कीचा पाक. वाजली नाही तर वडी मऊ. मी ना थर्मामीटर लावला ना वाटी घेतली. मी गाणी ऐकत होतो.

मिश्रण ओतलं, तुपाचा हात लावलेल्या वाटीच्या बुडाने दाबून दाबून थापलं. "गरम आहे तोवर वड्या पाड," आई म्हणाली. त्या दिवशीचा हा तिचा एकमेव सल्ला. पण व्हिडिओतल्या बाईंचं म्हणणं होतं, पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. मी बाईंचं ऐकलं.

दोन तासांनी सुरी लावली. सुरी घसरली. मोठी सुरी लावली, तिची धार गेली. लाटण्याने ठोकलं, लाटण्याला चीर पडली. मग बत्ता. मग शेवटी माळ्यावरच्या पेटीतून हातोडी काढली. रविवार दुपारचे अडीच वाजले होते, ज्या वेळेला डोंबिवलीत कावळासुद्धा हळू ओरडतो. तिसऱ्या ठोक्याला खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर वर आले. "फरशी बदलताय का?" मी ताट दाखवलं. त्यांनी एक तुकडा उचलून उजेडात धरून पाहिला आणि परत ठेवला.

"तो चिक्कीचा गूळ होता," आई आता म्हणाली. "संक्रांतीचा उरलेला. साधा मागच्या डब्यात आहे."

"मग सांगायचंस ना!"

"मी विचारलं की, कुठला पाहिजे."

बारचे एकंदर सतरा तुकडे झाले. आकार आपापल्या मर्जीचे, एक तर थेट गुजरातसारखा. मोठ्याने एक चावून पाहिला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "बाबा, चव छान आहे. पण आत जात नाहीये."

त्या रात्री मी सांत्वनासाठी ग्रॅनोलाचा इतिहास वाचला आणि खरंच बरं वाटलं. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जेम्स कॅलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी हा पदार्थ काढला. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची पोळी भाजायची, फोडायची, परत भाजायची. नाव ठेवलं ग्रॅन्युला. ती इतकी कडक व्हायची की रात्रभर भिजत घातल्याशिवाय खाता येत नसे. पुढे बॅटल क्रीकच्या जॉन हार्वी केलॉग यांनी तसलंच काही करून तेच नाव दिलं, वाद झाला, आणि त्यांनी एक अक्षर बदलून ग्रॅनोला केलं. म्हणजे मी चुकलो नव्हतो. मी मूळ पाठ सिद्ध केला होता.

मी तडक उठून चार तुकडे दुधात घालून ठेवले. सकाळी ते खरोखर नरम झाले होते, आणि दूध छान बदामी झालं होतं. मोठा वाटी घेऊन टेबलाशी बसला. बसला! नुसता बसलाच नाही, तळाचे बदाम शोधत सावकाश खात राहिला. "अजून आहे का?" असंही म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असताना खाली हॉर्न वाजला, मग परत वाजला, मग वाजायचा थांबला. धावता धावता खाता यावं म्हणून केलेल्या पदार्थापायी व्हॅन चुकली, आणि मी नाईट पँटवर स्कूटर काढून त्याला शाळेत सोडून आलो. आईने त्या दिवसापासून सकाळच्या वाटीवर बंदी घातली.

उरलेले तेरा तुकडे एका डब्यात भरून मी फळीवर सर्वांत मागे ठेवले. बरेच दिवस कुणी त्यांचं नाव काढलं नाही.

धाकटीचा पुढचा दात पंधरा दिवस हलत होता. त्याला कुणी हात लावू म्हटलं तर घर डोक्यावर घ्यायची. दोऱ्याचं नाव नको, डॉक्टरचं नाव नको. दोन्ही बाजूंनी लोंबकळणारा तो दात घेऊन ती वरण-भातावर दिवस काढत होती. एका गुरुवारी तिने माझ्या नकळत डब्यातला एक तुकडा दप्तरात टाकला. दुपारी घरी आली ती वहीच्या कागदाची पुडी नाचवतच. "बाबा, पडला! मधल्या सुट्टीत! तुझ्या बारला चिकटूनच आला! दुखलंपण नाही!" पुडीत दात होता, आणि दाताला एक भोपळ्याची बी.

रात्री तिच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला: 'नमस्कार. तुमच्या मुलीने आज डब्यात जे आणलं होतं ते कुठे मिळतं? आमच्या मुलाचा खालचा हलतोय, उद्या एक पाठवाल का?'

त्याखाली आणखी दोघींनी लिहिलं होतं, 'आम्हालाही.'

मी स्वयंपाकघरात जाऊन डबा काढला आणि तुकडे मोजले. बारा. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती गूळ आणू?"

"कुठला आणशील?" मी विचारलं.

"चिक्कीचाच," ती म्हणाली.