डोळ्यांत तेल घालून वाचलं, तरी गिअरबॉक्समध्ये कुठलं घालायचं ते कळेना

आधीच सांगून ठेवते, हे शांत डोक्याने लिहिलेलं नाहीये.

माझा प्रश्न एका ओळीचा आहे. ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं घालायचं? टायरमध्ये हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. इंजिन ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये असते, कित्येकदा झाकणावरसुद्धा. काच धुवायच्या पाण्याला मॅन्युअलमध्ये चित्रासकट जागा दिलीय. आणि जो भाग बिघडला तर घाम फुटतो, त्या गिअरबॉक्सबद्दल काय लिहिलंय? 'अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.' संपला विषय.

बरं, साधला संपर्क. समोरच्या माणसाने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, त्याला काही करावं लागत नाही. लाइफटाइम ऑइल आहे." म्हटलं, ठीक आहे, पण स्पेसिफिकेशन काय? "कंपनीचंच असतं." हो, पण कुठलं? "ओरिजिनल." या माणसाला पगार मिळतो. आणि उत्तर ज्या स्क्रीनवर होतं ती स्क्रीन त्याच्या बाजूला वळवलेली.

या लाइफटाइमचं तर मला फार कौतुक आहे. झेडएफ ही कंपनी गिअरबॉक्स बनवते, कितीतरी मोठ्या एसयूव्हींमध्ये तिचे सहा आणि आठ स्पीडचे गिअरबॉक्स असतात. ती स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तेल बदला. तोच गिअरबॉक्स गाडीत बसवणारे म्हणतात, हात लावू नका, आयुष्यभर चालेल. म्हणजे ज्याने बनवला तो बदला म्हणतो आणि ज्याने नुसते बोल्ट आवळले तो नको म्हणतो! बरं, काही मॅन्युअलमध्ये मागे बारीक अक्षरात आणखी एक तक्ता असतो: ओझं ओढत असाल, ट्रेलर लावत असाल, टपावर सामान लादत असाल, तर लवकर बदला. अहो, एसयूव्ही माणूस घेतो कशाला मग? शोभेला?

चला, म्हटलं आपणच बघू. दुकानात गेले. आता बाटल्यांची गंमत ऐका. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'मल्टी-व्हेइकल'. मागे बोटभर चिकटपट्टी, तिचा कोपरा सोलून उलगडायची, की आत वेगवेगळ्या कंपन्यांनी ठरवलेल्या तेलाच्या प्रकारांची आणि गाड्यांची रांग. डेक्सरॉन-३, मर्कॉन, मॅटिक-जे, टी-४, डब्ल्यूएस, एसपी-३, एसपी-४... भिंग घेऊन बसा. माझ्या गाडीचं नाव त्यात आहे, शेजाऱ्याच्या गाडीचंही आहे, बहुधा रणगाड्याचंही असेल.

पण जरा आकडे बघा. जनरल मोटर्सचं जुनं डेक्सरॉन-३ तेल १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप) असतं. २००५ साली डेक्सरॉन-६ आलं, त्याची कमाल मर्यादा ६.४. टोयोटाचं डब्ल्यूएस त्याहून पातळ, साडेपाचच्या आसपास. दहा स्पीडच्या नव्या गिअरबॉक्सची तेलं तर साडेचारच्या घरात. आता मला सांगा, एकाच बाटलीतलं एकच तेल एकाच वेळी साडेसातही आहे आणि साडेपाचही आहे, हे कसं? सगळ्यांना खूश ठेवायला मधलाच कुठलातरी आकडा धरतात आणि बेधडक 'चालेल' छापून मोकळे होतात.

आणि हे 'चालेल' कोण म्हणतंय, तेही पाहा. तेल तपासून परवाना दिलेला असेल तर बाटलीवर परवाना क्रमांक असतो. नुसतं 'अमुक गाड्यांसाठी योग्य' लिहिलं असेल, तर ते तेलवाल्याचं स्वतःचं मत. जनरल मोटर्सने डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ च्या शेवटी बंद केले. बंद! तरी आजही फळीवर डेक्सरॉन-३ च्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत. त्या नावाखाली आत काय भरलंय हे तपासणारं आता कोणी नाही. भरवसा ठेवा आणि ओता.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, तेल ते तेल. नाही हो! मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल मुख्यतः वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातून, ताकद पुढे नेतं, व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या भागात, दाब देऊन गिअर बदलतं, शिवाय उष्णता वाहून नेतं. आणि क्लच प्लेट किती घसरावी, कधी पकडावी, हे त्यातली घर्षण बदलणारी रसायनं ठरवतात. ती चुकली की टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा लॉकअप क्लच धड घसरतही नाही, धड पकडतही नाही. बेताच्या वेगाने, हलक्या पायाने चालवताना गाडी रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. मग तुम्ही टायर बॅलन्स करता, इंजिनाचं माउंटिंग बदलता, आणि दोष असतो बाटलीत.

गॅरेजवाल्यांचा आणखी एक निकष आहे. दोन बोटांत तेल चोळायचं, वास घ्यायचा, "लालच आहे ना? मग झालं." अरे, तो रंग आहे! गळती झाली तर खाली पडलेला डाग इंजिन ऑइलचा नाही हे कळावं म्हणून मिसळलेला. काही गिअरबॉक्समध्ये तेल हिरवं असतं, काहींत पिवळं, काहींत निळंसुद्धा. जळकट वास आणि काळपटपणा तेलाचा दम संपल्याचं सांगतो, हे मान्य. पण लाल रंगावरून स्पेसिफिकेशन ओळखणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

बरं, 'ऑटोमॅटिक' म्हणजे तरी काय? एकाच नावाच्या एसयूव्हीत एका इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, दुसऱ्याला सीव्हीटी, तिसऱ्याला ड्युअल क्लच, असं सर्रास असतं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये दाबून धरलेला असतो, तो घसरला की पुलीला चरे पडतात. त्याचं तेल वेगळं. ड्युअल क्लचचं, म्हणजे आलटूनपालटून चालणारे दोन क्लच असलेल्याचं, वेगळं. एएमटी तर मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेलं, त्यात साधं गिअर ऑइल. काउंटरवर मात्र एकच प्रश्न: "ऑटोमॅटिक का? मग हे घ्या." फोर बाय फोर असेल तर ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या आणि डावी-उजवीकडे वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या तेलाचं विचारूच नका. विचारलंत तर तीच बाटली पुन्हा पुढे येते.

तेल मिळालं म्हणून सुटलात असंही नाही. तेलाची पातळी बघायची डिपस्टिक कित्येक गाड्यांत कंपनीनेच काढून टाकलीय. खालचा बोल्ट उघडला तर जेमतेम अर्धं तेल येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून बसतं. आणि पातळी बघायची तर गाडी चारही चाकांनी समपातळीत उचललेली, इंजिन चालू, आणि तेलाचं तापमान त्या गिअरबॉक्ससाठी ठरवून दिलेल्या मर्यादेत, कुठे ३५ ते ४५ अंश, कुठे ३० ते ५०. हे मी एका मेकॅनिकला विचारलं, तर तो म्हणाला, "हात लावून कळतं की."

शेवटी चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढला, त्यावरून गिअरबॉक्सचा कोड, कोडवरून कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल. आणि त्यात? एका ओळीत तेलाचं नाव, शेजारी लिटर, खाली तापमान. एवढंच. हीच ओळ गिअरबॉक्सच्या अंगावर ठोकायला काय जातं यांचं? इतके स्टिकर चिकटवता, त्या एअरबॅगचा इशारा सन व्हायझरच्या दोन्ही बाजूंना छापता, एक ओळ इथे छापायला हात दुखतात?

तर मी फक्त एकच नाव लिहिलेली बाटली मागितली, नेमकी तीच. दुकानदाराने ती काढून ठेवली, मग शेजारची उचलली. "त्यापेक्षा ही घ्या मॅडम, सगळ्यांना चालते."