समुद्राकडे पाठ करून बसा

कुणी तुम्हाला म्हणालं की चला, समुद्रकिनारी चार दिवस राहू, निवांत लेस करायला शिकू, तर पैसे भरायच्या आधी एकच विचारा, की खुर्च्या कुठल्या दिशेला तोंड करून मांडणार. ब्रोशरमधे हे लिहीत नाहीत. ब्रोशरमधे निळा समुद्र असतो, दोन माड असतात, आणि मधे पांढरी शुभ्र लेस हातात धरून हसणारी एक बाई असते जिला बहुतेक नुकतंच सांगितलेलं असतं की आता घरी गेलात तरी चालेल.

तर हे ब्रोशर आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या व्हॉट्सअपवर आलं. आम्ही राहतो इंदिरानगरला, नाशिकमधे, समुद्राशी आमचा संबंध वर्षातून एकदा आणि तोही भेळ खाण्यापुरता. ताई म्हणजे घराचं क्रोशा खातं. पूर्वी टीव्हीवर रुमाल असायचा तो त्यांचाच, मग टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि रुमालाला बसायला जागाच राहिली नाही, तेव्हापासून त्या मिक्सर, फिल्टर, वायफायचा राऊटर असं जे सापडेल ते झाकत सुटल्यात. राऊटर तापतो म्हणून काढला तर दोन दिवस अबोला.

"अगं हे क्रोशा नाही, बॉबिन लेस आहे, खरी. एकटीला रूम दुप्पट पडते, तू चल." म्हणजे माझी निवड कलेसाठी नाही, ट्विन शेअरिंगसाठी झाली होती. आमचे अहो लगेच म्हणाले, जा की, समुद्र बघून ये, मी लावतो कुकर. (माणूस इतक्या पटकन परवानगी देतो तेव्हा काहीतरी असतं, पण ते नंतर बघू म्हटलं.) सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "एवढ्या लांब कशाला तडमडायला, येवल्याला जा, पैठणी तरी शिकाल." आता मागे वळून बघताना वाटतं की घरात त्या एकट्याच शुद्धीवर होत्या.

पहिली सूचना आली ती म्हणजे उशी आपापली आणायची. झोपायची नाही. ही लेस उशीवरच करतात, आत भुसा नाहीतर काड अगदी ठासून ठासून भरायचं, कारण त्यात शेकड्याने टाचण्या रोवायच्या असतात आणि त्या हलता कामा नयेत. ताईंनी गंगापूर गावातून गव्हाचा भुसा आणला, गच्चीवर बसून आम्ही दोन गोल उशा ठोकल्या आणि मग आठवडाभर शिंकत बसलो. कारच्या डिकीत दबतील म्हणून त्या मांडीवर घेऊन निघालो, पहाटेच, कसारा घाट, मग भिवंडीचं ट्रॅफिक, मग पेण, माणगाव, आणि दिवेआगर येईपर्यंत माझ्या दोन्ही मांड्या बधिर. कसाऱ्याला चहाला थांबलो तर टपरीवाला विचारतो, "मावशी, तबल्याचे क्लास घेता का?" ताई म्हणाल्या, नाही, लेस. तो म्हणाला बरं. त्यानंतर कुठल्याही गृहस्थाने या विषयावर इतकं समंजस उत्तर दिलेलं नाही.

होमस्टे खरंच छान होता, खोटं कशाला बोलू. सुपारीची वाडी, तिच्या पलीकडे सुरूचं बन, त्याच्या पलीकडे समुद्र, आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलला मोठीच्या मोठी खिडकी. मी धावत जाऊन खिडकीसमोरची खुर्ची पकडली. तर मॅडम म्हणाल्या, "फिरवा ती. उजेड पाठीमागून, खांद्यावरून कामावर पडायला पाहिजे. समोरून आला तर डोळे दिपतात, दोरा दिसत नाही." आणि आम्हा सगळ्या बायकांच्या खुर्च्या समुद्राकडे पाठ करून ओळीत लावल्या गेल्या. मॅडम मूळच्या पुण्याच्या, लेकाकडे इंग्लंडला जाऊनयेऊन राहताना तिथे ही कला शिकलेल्या, त्यामुळे दोन्हीकडची शिस्त एकाच बाईत आलेली. फक्त त्यांचं तोंड समुद्राकडे होतं.

आता लेस कशी करतात ते सांगते, कारण मला ते ऐकावं लागलं. जाड कागदावर नक्षीची भोकं पाडलेली असतात, त्याला प्रिकिंग म्हणतात, ते उशीवर लावायचं. दोरे गुंडाळलेल्या पेन्सिलीएवढ्या लाकडी बॉबिनी जोड्या-जोड्यांनी लटकवायच्या. एका वेळी दोन जोड्या हातात घ्यायच्या, म्हणजे चार दोरे, आणि चाली फक्त दोन. क्रॉस म्हणजे मधल्या दोनातला डावा उजव्यावरून न्यायचा. ट्विस्ट म्हणजे दोन्ही जोड्यांत उजवा डाव्यावरून. झालं, एवढंच, राणीच्या पोशाखापासून माझ्या बुकमार्कपर्यंत सगळं यातच. गाठी नाहीत, सुई नाही. मला हे ऐकून इतकं हायसं वाटलं की मी मनातल्या मनात साडीचा काठ करायला घेतला.

गोम अशी की एक-दोन-तीन-चार हे नंबर बॉबिनींचे नसतात, जागेचे असतात. दोन नंबरची तीनवर गेली की ती तीन नंबरची झाली. जिल्हा परिषदेत कसं माणूस बदलतो पण टेबल तेच राहतं आणि फाईल टेबलाला चिकटलेली असते, तसं. तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला हे समजायला सोपं जायला हवं होतं, पण बँकेत बॉबिनी गडगडत नाहीत. इथे बारा जोड्या म्हणजे चोवीस बॉबिनी उशीवर पसरलेल्या, एक शिंक आली की सगळ्यांच्या बदल्या. आणि भुसा गव्हाचा, त्यामुळे शिंक येणारच.

चुकलं की मॅडमचे दोन शब्द. "मागे या." मागे येणं म्हणजे केलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडवत यायचं, आधी ट्विस्ट सोडवा मग क्रॉस, टाचण्या काढत. माझ्या शेजारी नागपूरच्या एक काकू होत्या, त्या सकाळच्या सत्रात जितक्या पुढे जायच्या त्याहून जास्त दुपारी मागे यायच्या, एकदा तर मला वाटलं या आता कोऱ्या दोऱ्याच्याही मागे जाऊन जवसाच्या शेतात पोचणार. जवस म्हणजे, जुनी लेस लिननच्या दोऱ्याची आणि लिनन जवसाच्या झाडातून निघतं. हे सुद्धा मॅडमनी सांगितलं. मॅडम खूप सांगायच्या, कारण आम्ही मान वर करू शकत नव्हतो.

त्यांच्याकडून कळलं की ही कला आणि समुद्र यांचं जुनं आहे. इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यावर बिअर नावाचं कोळ्यांचं गाव आहे (काकूंनी दोनदा विचारून घेतलं, हो, बिअरच), 1840 मधे झालेल्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या पोशाखाची लेस तिथल्या दोनशेच्यावर बायकांनी कित्येक महिने बसून केली. स्पेनमधे कामारिन्यास, व्हेनिसजवळ बुरानो बेट (तिथली मात्र सुईची लेस), सगळी मासेमारीची गावं, नवरा दर्यावर आणि बायको लेसवर. पोर्तुगालमधे तर म्हणच आहे की जिथे जाळी तिथे लेस. मग आपल्याकडचं निघालं. नागरकोईलला दोनशे वर्षांपूर्वी मिशनरी बायकांनी बॉबिन लेस आणली. आणि आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर, तिथली क्रोशाची लेस, 2024 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन सुद्धा मिळालं. हे ऐकून ताई एकदम ताठ बसल्या. म्हणजे आपल्या त्र्यंबकला उगम, रामकुंडावरून जाते, आणि जिथे समुद्राला मिळते तिथे क्रोशा! त्यांना हा स्वतःचा वैयक्तिक सत्कार वाटला. घरी आल्यापासून ही माहिती दूधवाल्यालाही सांगून झालीय.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो जॉन हिथकोट. त्याने 1809 मधे बॉबिन लेसची जाळी करणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, पुढे 1816 मधे लोकांनी त्याचा कारखाना फोडला, मग तो उठून डेव्हनमधेच टिव्हर्टनला गेला आणि तिथे मोठी गिरणी काढली. हॉलमधल्या सगळ्या हळहळल्या, हातकलेचं कसं वाटोळं झालं वगैरे. मी तेव्हा मागे येत होते. मी मनाने पूर्णपणे हिथकोटच्या बाजूला होते.

खाण्याचे हाल तर विचारूच नका. पांढरा दोरा, त्यामुळे हात स्वच्छ हवेत, हे युरोपात ठीक आहे, तिथे हळद नसते. इथे समोर सुरमईचं कालवण, सोलकढी, एप्रिल असल्याने हापूस, आणि मॅडम म्हणतात चमच्याने खा. कालवण चमच्याने! आंबा काट्याने! आम्ही नाशिकहून नेलेला चिवडा पहिल्याच दिवशी कपाटात कुलूपबंद झाला. ताईंच्या बोटाला एकदा वरणाचा पिवळा डाग राहिला आणि त्यांच्या लेसमधे तो अजून आहे, त्या म्हणतात ते डिझाइन आहे. पंखा एकवर, कारण दोरे हलतात. टाचण्या पितळेच्या, कारण खाऱ्या हवेत लोखंडाच्या गंजून लेसवर डाग पडतात. मला पण गंज चढत होता, पण माझ्यासाठी पितळेचा पर्याय नव्हता.

एका संध्याकाळी लाईट गेली. मला इतका आनंद झाला की मी उठून चप्पल शोधायला लागले, म्हटलं आता तरी बीचवर सोडतील. मॅडमनी मेणबत्ती लावली, होमस्टेवाल्या वहिनींकडून काचेची गोल बरणी मागवली, पाणी भरून मेणबत्तीपुढे ठेवली, आणि खरंच, बरणीतून उजेडाचा ठिपका निघून उशीवर पडला. तिकडे पूर्वी असंच करायचे म्हणे, एका मेणबत्तीभोवती पाण्याचे गोळे मांडून सगळ्या बसायच्या, ज्यांचा हात चांगला त्यांना पहिला उजेड, मग दुसरा, मग तिसरा. आम्हालाही तसंच बसवलं. ताई पहिल्या उजेडात. मी तिसऱ्यात, म्हणजे व्यवहारात अंधारात, आणि माझ्या मागे कुठेतरी समुद्र गाजत होता.

रोज साडेपाचला ‘बीच वॉक’ असा टाइमटेबलवर होता. पण साडेपाचला कुणीतरी नेमकं मागे येत असायचं आणि टाचणीवर काम सोडून उठायचं नसतं. ज्या एका दिवशी खरंच गेलो त्या दिवशी ताईंनी उशी बरोबर घेतली, फोटोसाठी. उशी वाळूत, उशी सूर्यास्तासमोर, उशी आणि लाटा, उशी आणि होडी. मी फोन धरून. घरी मुलांनी विचारलं आई तुझा एक तरी फोटो आहे का, तर एक आहे, त्यात माझी सावली उशीवर पडलीय.

अहोंचे फोन यायचे ते वेगळेच. कुकरची शिट्टी होत नाहीये. मी चार दोरे हातात धरून मान फोनवर दाबून सांगायची, अहो रिंग बघा, रिंग. एकदा "उजवीकडून डावीकडे फिरवा" हे मी कुणाला सांगितलं ते मलाच कळलं नाही, कारण तिकडे झाकण लागलं आणि इकडे काकूंनी ट्विस्ट घातला.

शेवटी हाती आला एक बुकमार्क. टॉर्चन लेस म्हणतात, शिकाऊ लोकांना हीच देतात, सरळ चौकटीची नक्षी. बोटाएवढा रुंद, मधे जरा कमरेत लचकलेला. घरी सगळ्यांना दाखवला. अहो म्हणाले, भद्रकालीत वीस रुपये मीटर मिळते ना अशी? सासूबाईंनी मात्र चष्मा लावून, उलटापालटा करून, खिडकीत नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "नाही रे, हाताचीच आहे. मशीनची इतकी वाकडी नसते." मग तो त्यांच्या पोथीत गेला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण परवा त्यांनी ताईंना आणि मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, दोघी शिकून आलात तर गणपतीच्या मखराला लावायला करून द्या की, फार नाही, साडेतीन मीटर. ताईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि दोऱ्याची ऑर्डर पण टाकली. मी पण हो म्हटलं. कुठल्या सालच्या गणपतीला ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी काही आपणहून सांगायला गेले नाही.