ओआरएसच्या पाकिटात काय काय आहे

पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापूरकडच्या करवीर-शिरोळच्या निवारा केंद्रांवर ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात मिसळून पाजायच्या मीठ-ग्लुकोजची, पाकिटं पोचतात. पूर ओसरताना गॅस्ट्रोची भीती असते, म्हणून ते बरोबरच आहे. पण "मूलभूत संशोधनाचा पेशंटला उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी हे पाकीट एकदा नीट समजून घ्यावं.

१९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू ज्यात वाढवले तो द्रव जंतू गाळून काढून सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे खरं काम विषाचं. पुढच्याच वर्षी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमध्ये मांडलं, की आतड्यातल्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोडियमही सोबत ओढतात. साखर पेशीत शिरते कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जुलाबाचं औषध त्यांच्या डोक्यात नव्हतं. आता हे दोन धागे जोडा. विषामुळे पेशीतून क्लोराइड बाहेर जातं आणि मागोमाग पाणीही, पण ग्लुकोज-सोडियमची आत येण्याची वाट शाबूत राहते. ओआरएस उभं आहे ते या वाटेवर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला असताना, सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आजच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. सोडियम ७५ मिलिमोल (कणांच्या संख्येचं एकक), ग्लुकोजही ७५. ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांची दाटी, २४५, रक्तापेक्षा कमी, म्हणून पाणी आतड्यातून शरीरात जातं. २००२ पूर्वी ती ३११ होती. ती उतरवल्यावर सलाइन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली.

घोळ होतो तो इथंच. लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळलं की ऑस्मोलॅरिटी १२०० च्या वर जाते. मग पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, आणि लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. चव यावी म्हणून वर साखर घातली तरी ऑस्मोलॅरिटी वाढते आणि जुलाब वाढू शकतात. टेट्रा पॅकमधली गोड पेयंही ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत. छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं, मोठं लिटरचं; आधी पाकिटावरचा आकडा वाचा. मुलांना सोबत झिंक द्या: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, असं १० ते १४ दिवस.

आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम सोबत आत नेणारं जे वाहक प्रथिन आहे, त्याचं भावंड मूत्रपिंडात आहे. ते अडवणारं डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध आज मधुमेहात आणि हार्ट फेल्युअरमध्ये दिलं जातं. तरीही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री म्हणजे "पास होऊन विसरायचा विषय" असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. आपल्या विद्यापीठातल्या पेशीविज्ञानाच्या प्रकल्पांना निधी देताना रोगाचं नाव मागू नका, प्रश्न किती नेमका आहे ते बघा. आणि पुराच्या किटमध्ये पाकिटासोबत लिटरची खूण असलेली एक बाटलीही ठेवा.