सेट टाकून घ्या म्हणे!

क्लच जड लागतोय, एवढं म्हणायचा अवकाश, समोरचा एस्टिमेट करायलाच बसतो. इंजिनाची ताकद पुढे नेणारी प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पाय दिला की तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग, अख्खा सेट, वर लेबर, त्यावर जीएसटी. अरे बाबा, आधी गाडीत बसून एकदा पेडल तरी दाब! पण नाही. टॅबवरून नजर न उचलता काचेच्या शोरूममधला तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर विचारतो, "सर, रनिंग किती झालंय?" आकडा सांगितला की लगेच निकाल: "मग प्लेट गेलीच असणार." डॉक्टरने नाडीला हातही न लावता आधार कार्डावरचं वय वाचून ऑपरेशन सांगावं, तसला प्रकार.

मी काय सांगत होतो ते तरी ऐका की. पावसाळा संपला आणि पेडल कडक झालं. नुसतं कडक नाही, खाली जाताना मध्येच खरखरतं, अडकतं आणि मग एकदम सुटतं. संध्याकाळी हिंजवडीतून निघून वाकडच्या पुलापर्यंत येताना डावा गुडघा शिव्या घालायला लागतो. पण गाडी घसरत नाही. खंबाटकी चढताना चौघं बसलेले, डिकी भरलेली, तरी ओढते. जळका वास नाही. गिअर कुरकुर न करता पडतात, रिव्हर्ससुद्धा. हे सगळं मी नीट, सावकाश सांगितलं. जॉबकार्डवर काय लिहिलं? "क्लच प्रॉब्लेम." संपलं!

प्लेट झिजली की क्लच घसरतो हो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, आरपीएम वर जातो आणि गाडी आपली तिथेच रेंगाळते. हे बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. मोकळी जागा बघायची, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा, गाडी चौथ्यात टाकायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन धापकन बंद पडलं तर प्लेट धरतेय. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करायचं, उगाच परत परत करून चांगली प्लेट जाळायची नाही. मिनिटभराचं काम. पण तेवढं करायलाही कोणाला वेळ नाही, एस्टिमेटची प्रिंट काढायला मात्र आहे.

आता कोणीतरी म्हणेलच की प्लेट झिजल्यानेही पेडल जड होतं. होतं ना! प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटमधल्या थाळीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं, म्हणजे आतल्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला येतात, कोन बदलतो आणि दाबायला जास्त जोर लागतो. पण ते वर्षानुवर्षं, नकळत होत जातं. एका पावसाळ्यात नाही. आणि पेडल खरखरतं ते त्यामुळे नव्हेच. खरखर म्हणजे काहीतरी कोरडं, गंजलेलं किंवा तुटत आलेलं एकमेकांवर घासतंय. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलच्या आतल्या तारा उसवल्या असतील, नाहीतर रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती कोरडी पडली असेल, नाहीतर त्या बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा शाफ्ट, म्हणजे दांडा, त्याच्या बुशमध्ये, म्हणजे तो फिरतो त्या कड्यात, गंजून धरला असेल. मोजून तीन-चार जागा आहेत.

त्यातही निम्मं काम अर्ध्या तासात उरकतं. माझ्या गाडीचा क्लच केबलवाला. केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक फोर्कच्या लिव्हरवरून सोडवा आणि पेडल हाताने दाबा. तरीही अडकत असेल तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या पिव्हटला, म्हणजे ते ज्यावर फिरतं तिथे. मोकळं झालं तर दोष खाली, फोर्ककडे. इतकं सरळ. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर गोष्ट वेगळी: पेडल मऊ पडून खाली बसत असेल तर हवा किंवा गळती, आणि कोणा शहाण्याने ब्रेक फ्लुइडच्या जागी भलतंच तेल ओतलं असेल तर आतले रबरी सील फुगून बसतात.

दुसऱ्या गॅरेजात तर कहर. पोराने बॉनेट उघडलं, कसलासा स्प्रे केबलच्या तोंडातून फुसफुस मारला आणि म्हणाला, "बघा साहेब, मक्खन!" होतं खरं, आठवडाभर. मग पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागलं. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल सोडायचंच नसतं. त्यावर धूळ चिकटते, चिखल होतो आणि केबल कायमची कामातून जाते. नवी केबल काही शे रुपयांना येते, नाना पेठेत हवी तेवढी मिळते. ती बदलायचं सोडून स्प्रे!

आणि मग सुरू होतात उपदेश. "तुम्ही हाफ क्लचवर, पेडल अर्धं दाबून चालवत असणार." म्हणजे गाडी बिघडली ती माझ्या पायाने! हाफ क्लचने प्लेट जळते, बेअरिंग झिजतं, मान्य. फोर्क गंजतो का त्याने? शेजारचे काका तर प्रत्येक वेळी जिन्यात गाठून सांगतात, "अरे, ऑटोमॅटिक घेऊन टाक." काका, तुमच्या त्या एएमटी ऑटोमॅटिक गाडीच्या पोटात काय आहे माहितीये का? हीच प्लेट, हीच प्रेशर प्लेट, हेच बेअरिंग. तुमच्या पायाऐवजी अ‍ॅक्चुएटर नावाचं यंत्र क्लच दाबतं, एवढाच फरक. गुडघा वाचतो, खर्च नाही वाचत.

शेवटी धनकवडीतल्या एका पत्र्याच्या शेडमधल्या मेस्त्रींनी निदान केलं. बोलणं कमी, हात काळे. आधी स्वतः गाडीत बसले आणि डोळे मिटून चार-पाच वेळा पेडल दाबलं. केबल सोडवून परत दाबलं, मग खाली जाऊन फोर्कचा लिव्हर हाताने हलवून बघितला. हललाच नाही धड. "शाफ्ट धरलाय. पाणी गेलंय बुशमध्ये. त्याला ओढून ओढून केबलही उसवली." झालं निदान. दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला, आणि उतरवलाच आहे म्हणून बेअरिंग बदलू या, असं त्यांनी मला विचारून ठरवलं. विचारून! प्लेट काढून हातात दिली. अस्तर धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यांवर अजून भरपूर जाडी शिल्लक होती. तीच परत बसवली. शाफ्ट घासून, नवे बुश, ग्रीस, नवी केबल. आता पेडल बोटाने दाबलं तरी जातं.

समजा, त्या काचेच्या शोरूममध्ये मी मान डोलावली असती तर? नवा सेट पडला असता आणि गंजलेला शाफ्ट तसाच राहिला असता, कारण एस्टिमेटमध्ये त्याचं नावच नव्हतं. हे मी मनाचं सांगत नाही. ऑफिसातल्या एकाचं नेमकं हेच झालंय. पूर्ण सेट बदलला, पगाराचा मोठा लचका गेला आणि क्लच आहे तसाच जड. परत गेला तर त्याला सांगतात कसे, "नवीन आहे सर, हजार किलोमीटर चालवा, आपोआप सॉफ्ट होईल."

आपोआप? बुशला ग्रीस काय कात्रजच्या खड्ड्यांतून उडून लागणार आहे का?